माफक खर्चांतला संगणक व त्याचा प्रोसेसर

(नभोवाणीवरील भाषण)

घरांत संगणक घ्यावयाचा ठरला म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो रुपयांचा, आणि दुसरा प्रोसेसरचा. पहिल्याचें उत्तर घरचा कर्ता माणूस आपली शिल्लक पाहून देतो. दुसऱ्याचें उत्तर बहुधा दुकानदारावर सोंपविलें जातें. आणि तोही तें शिल्लक पाहूनच देतो, फक्त ती शिल्लक त्याच्या दुकानांतील मालाची असते! हें दुसरें उत्तर आपलें आपल्याला कसें देतां यावें, याविषयीं आज चार शब्द सांगण्याचा विचार आहे.

माझें या विषयांतील खरें शिक्षण एका फजितींतून झालें. म्हणून ती आधीं सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझी भाची बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली व तिनें संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठीं नांव घातलें. घरीं मेजावर ठेवण्याजोगा एक संगणक हवा होता. मेहुण्यांनीं पोस्टांतील मुदतीची ठेव मोडली आणि पैसे माझ्या हातीं देऊन म्हणाले, "तुम्हांला यांतलें कळतें, एवढ्यांत बसवा." आपल्याला कळतें असें लोक म्हणूं लागले कीं, आपल्याला काय कळत नाहीं हें माणसाला कळेनासें होतें. मीं दुकानें पालथीं घातलीं, भाव लिहून घेतले. आणि एकाच नांवाचे, एकाच वेगाचे दोन प्रोसेसर दिसले त्यांतील स्वस्त तो उचलला. दोहोंच्या नांवांत फरक होता तो शेवटच्या एका अक्षराचा. एकापुढें 'एफ्' होतें, दुसऱ्यापुढें नव्हतें. अक्षर जास्त आणि पैसे कमी, हा व्यवहार मला फायद्याचा वाटला.

रात्रीं यंत्र जुळविलें. कळ दाबली. पंखा फिरूं लागला, आंतले दिवे लागले. पडदा मात्र काळा तो काळाच. भाची म्हणाली, "मामा, पंखा फिरतो आहे, मग चित्र कां उमटत नाहीं?" तारा काढून पुन्हां लावल्या, रॅमची पट्टी पुसून बसविली, मध्यरात्र उलटली. शेवटीं खोक्यावरील बारीक अक्षरें भिंग लावून वाचलीं, तेव्हां उलगडा झाला. त्या 'एफ्' प्रोसेसरांत चित्र काढणारा भागच नसतो. त्याच्या जोडीला वेगळें ग्राफिक्स कार्ड घ्यावें लागतें. फोडलेलें खोकें दुकानदार परत घेईना. अखेर कार्ड विकत घेतलें, आणि त्यासाठीं मोजलेले पैसे वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट होते. बहीण एवढेंच म्हणाली, "दादा, तूं म्हणालास पैसे वांचले, मग ते गेले कोठें?" त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें सावकाश अभ्यास करून जें उत्तर मिळालें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचें हिशेब करणारें अंग. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें '४००४' या नांवाचा मायक्रोप्रोसेसर विक्रीस काढला. तो मुळांत एका जपानी कंपनीच्या आंकडेमोडीच्या यंत्रासाठीं बनविला होता, व त्यावर सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज अगदीं स्वस्त प्रोसेसरावरही त्यांची संख्या शेंकडों कोटींच्या घरांत असते. एवढ्या गुंतागुंतीच्या वस्तूची पारख सामान्य गृहस्थानें कशी करावी? सुदैवानें त्यासाठीं ट्रान्झिस्टर मोजावे लागत नाहींत. आपलें स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणलें तरी पुरतें.

कोअर म्हणजे स्वयंपाक करणारें माणूस. जितके कोअर तितकीं माणसें. दूध तापेपर्यंत रिकामें न बसतां भाजी चिरून घेणारी गृहिणी एकटीच दोन कामें पुढें रेटते. तसा जो कोअर दोन कामें आळीपाळीनें चालू ठेवतो, त्याला एका कोअरचे दोन थ्रेड म्हणतात. गिगाहर्ट्झचा आंकडा म्हणजे हात किती भरभर चालतो तें. कॅश म्हणजे हाताशीं असलेला मिसळणाचा डबा. रॅम म्हणजे ओटा. आणि हार्ड डिस्क किंवा एस्. एस्. डी. म्हणजे कोठीची खोली. आतां हात कितीही चपळ असला, तरी मोहरीसाठीं दर वेळीं कोठीपर्यंत जावें लागलें तर फोडणी करपणारच!

ही नुसती कल्पना नव्हे. १९९८ सालीं तसें प्रत्यक्ष घडलें. इंटेलनें स्वस्त संगणकांसाठीं 'सेलेरॉन' नांवाचा प्रोसेसर काढला आणि खर्च वांचविण्यासाठीं त्यांतून दुसऱ्या पातळीची कॅश अजीबात वगळली. कागदावर वेग २६६ मेगाहर्ट्झ. पण मिसळणाचा डबाच नसल्यामुळें काम रेंगाळे, आणि जाणकारांनीं त्याला नांवें ठेविलीं. त्याच वर्षीं कंपनीनें १२८ किलोबाइटांची लहानशी कॅश प्रोसेसराच्या अंगांतच बसवून सुधारलेला सेलेरॉन दिला. आणि काय चमत्कार, तोच स्वस्त प्रोसेसर चोखंदळ गिऱ्हाइकांचा आवडता झाला! स्वस्ताई दोन प्रकारची असते, हें यावरून दिसतें. एकींत अनावश्यक तें वगळलेलें असतें, दुसरींत आवश्यक तेंच. प्रोसेसर निवडणें म्हणजे या दोहोंतला भेद ओळखणें.

वेगाच्या आंकड्याचीही तीच गोष्ट. २००० सालीं निघालेल्या 'पेंटियम ४' च्या काळांत सारी जाहिरात गिगाहर्ट्झवर चाले. २००४ पर्यंत तो आंकडा ३.८ वर गेला. पण प्रोसेसर इतके तापूं लागले कीं, ४ गिगाहर्ट्झचा योजलेला प्रोसेसर कंपनीला त्याच वर्षीं रद्द करावा लागला. पुढें २००६ सालीं 'कोअर २ ड्युओ' आला. त्याचा आंकडा ३ च्याही आंत होता, तरी तो जुन्याला सहज मागें टाकी, आणि वीजही कमी खाई. कारण हात किती वेळां हलतो यापेक्षां एका हालचालींत किती काम उरकतें, याला महत्त्व अधिक. तेव्हां एकाच पिढीच्या दोन भावंडांची तुलना गिगाहर्ट्झवरून खुशाल करावी. निरनिराळ्या पिढ्यांची किंवा निरनिराळ्या कंपन्यांची मात्र करूं नये.

पिढी हा शब्द आला, तो नीट समजावून घेतला पाहिजे. कारण सर्वांत अधिक फसवणूक तेथेंच होते. इंटेलच्या मालांत आय ३, आय ५, आय ७ असे दर्जे पुष्कळ वर्षें चालत आले, व आय ७ म्हणजे श्रेष्ठ हें आपल्या मनांत पक्कें बसलें. परंतु हे दर्जे एका पिढीपुरते असतात. पहिलीच्या वर्गांत पहिला आलेला मुलगा सातवींतल्या शेवटच्या मुलापेक्षां गणितांत हुशार ठरत नाहीं, तसेंच हें आहे. २०११ सालचा 'आय ७-२६००' घ्या आणि २०२२ सालचा 'आय ३-१२१००' घ्या. दोहोंत ४ कोअर व ८ थ्रेड. मूळ वेग एकाचा ३.४ तर दुसऱ्याचा ३.३ गिगाहर्ट्झ. आंकडे पाहिले तर जुळे भाऊ वाटावेत! पण प्रत्यक्ष कामांत नवा आय ३ जुन्या आय ७ ला फार मागें टाकतो, तेंही कमी विजेंत. पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे: १२१०० मधील पहिले दोन आंकडे १२, म्हणून ती बारावी पिढी, २६०० मधील पहिला आंकडा २, म्हणून ती दुसरी. २०२३ पासून इंटेलनें नव्या मालाच्या नांवांतून तें 'आय' अक्षर काढण्यास आरंभ केला. तरी आधीं पिढी व मग दर्जा पाहावा, हा नियम कायमच आहे.

स्वस्त प्रोसेसर आज इतके कर्तबगार कसे झाले, याचें उत्तर दोन कंपन्यांच्या चुरशींत आहे. १९८१ सालीं आय. बी. एम्. नें आपल्या पर्सनल कॉम्प्यूटरांत इंटेलचा प्रोसेसर घेतला. पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहणें नको, म्हणून दुसरा उत्पादकही असावा असा आग्रह धरला. त्यामुळें ए. एम्. डी. या कंपनीला त्याच जातीचे प्रोसेसर बनविण्याची वाट मिळाली. दोघींची स्पर्धा जेव्हां तेज असते, तेव्हां गिऱ्हाइकाचें कल्याण होतें. एक मागें पडली कीं दुसरी सुस्तावते. २०१७ च्या आरंभीं इंटेलच्या आय ३ मध्यें दोनच कोअर असत, आणि कित्येक वर्षें तसेंच चालत आलें होतें. त्या वर्षीं ए. एम्. डी. नें 'रायझन' मालिका आणली, आणि वर्ष संपण्यापूर्वींच इंटेलच्या नव्या आय ३ मध्यें चार कोअर आले! पुढच्याच वर्षीं, २०१८ मध्यें, ए. एम्. डी. नें चार कोअर व बरेंसें बलवान ग्राफिक्स एकाच तुकड्यांत बसविलेला 'रायझन ३ २२००जी' काढला. म्हणून मी म्हणतों, कंपनीचा अभिमान गिऱ्हाइकानें बाळगूं नये. त्या महिन्यांत, त्या पैशांत, जी अधिक देईल ती आपली.

आतां माझ्या फजितीच्या अक्षराकडे वळूं. माफक खर्चाच्या संगणकांत चित्र काढणारा भाग प्रोसेसराच्या अंगांतच असणें, ही सर्वांत मोठी बचत होय. इंटेलच्या नांवापुढें 'एफ्' असेल तर तो भाग नाहीं असें समजावें. ए. एम्. डी. ची रीत जरा निराळी. तिच्या 'एएम् ४' या जुन्या बैठकीच्या रायझन प्रोसेसरांत नांवापुढें 'जी' असेल तरच चित्राची सोय असते. 'रायझन ५ ५६००जी' मध्यें ती आहे, नुसत्या 'रायझन ५ ५६००' मध्यें नाहीं. २०२२ सालीं आलेल्या 'एएम् ५' बैठकीवरील बहुतेक रायझन प्रोसेसरांत मात्र ती थोडीफार असतेच. तेथेंही 'एफ्' अक्षर दिसलें कीं सावध व्हावें. याचा अर्थ 'एफ्' वाईट असा नव्हे. ज्यांना खेळांसाठीं किंवा चित्रपटांच्या संकलनासाठीं वेगळें ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचेंच आहे, त्यांच्या दृष्टीनें ती खरीखुरी बचत आहे. माझ्या भाचीच्या दृष्टीनें ती नव्हती. वस्तु एकच, गरज निराळी.

आणि येथेंच माझ्या बहिणीच्या प्रश्नाचें उत्तर आहे. मीं प्रोसेसराची किंमत पाहिली. संगणकाची पाहिली नाहीं. प्रोसेसर एकटा कधींच विकत घेतला जात नाहीं. त्याच्याबरोबर मदरबोर्ड येतो, रॅम येते, कधीं वेगळा पंखाही येतो. बारावी पिढीच्या इंटेल प्रोसेसरासाठीं डी. डी. आर. ४ जातीची रॅम घेणारे मदरबोर्डही मिळतात व डी. डी. आर. ५ घेणारेही, 'एएम् ४' ला फक्त पहिली चालते, 'एएम् ५' ला फक्त दुसरी. एका जातीची पट्टी दुसरीच्या खाचेंत बसत नाहीं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर एकाएकी भडकले, तेव्हां प्रोसेसराचा भाव होता तेथेंच असूनही कित्येकांचा सगळा अंदाज कोसळला. म्हणून भाव विचारावयाचा तो प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम या तिघांचा एकत्र. एकट्या प्रोसेसराच्या भावावरून स्वस्त-महाग ठरविणें म्हणजे नुसत्या कापडाच्या भावावरून शिवलेल्या कोटाची किंमत ठरविण्यासारखें आहे.

मदरबोर्ड निवडतांना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. प्रोसेसर ज्या बैठकीवर बसतो, ती बैठक पुढें किती दिवस टिकणार? 'एएम् ४' ही बैठक २०१६ सालीं आली आणि २०२४ पर्यंत तिच्यासाठीं नवे प्रोसेसर निघत राहिले. त्यामुळें पुष्कळांना जुना मदरबोर्ड ठेवून फक्त प्रोसेसर बदलतां आला. इंटेलची बारावी पिढी ज्या बैठकीवर बसते, तिच्यावर तेरावी व चौदावी पिढीही बसते. त्यापुढील मेजावरच्या प्रोसेसरांसाठीं २०२४ सालीं बैठक बदलली. येथें एक धोका आहे. मदरबोर्ड दुकानांत बरेच दिवस पडून असेल, तर त्यांतील 'बायॉस' ही मूळ आज्ञावली नंतरच्या पिढीचा प्रोसेसर ओळखत नाहीं, आणि पुन्हां तोच काळा पडदा दिसतो. ती अद्ययावत करून देण्यास दुकानदाराला तेथल्या तेथेंच सांगावें.

मग कोणीं काय घ्यावें? नमुन्यादाखल सांगतों, त्याच तोलाचें दुसरें नांव त्या दिवशीं बाजारांत स्वस्त मिळालें तर तेंही चालेल. पत्रव्यवहार, जमाखर्च, वर्तमानपत्रें वाचणें व चित्रपट पाहणें, एवढेंच ज्या घरचें काम आहे, तेथें २०२२ सालचा दोन कोअर व चार थ्रेडचा 'पेंटियम गोल्ड जी ७४००' सुद्धां भागवून नेतो. परंतु भावांत फार अंतर नसेल तर चार कोअर पत्करावे, कारण संगणक आपण वर्षासाठीं घेत नाहीं. विद्यार्थ्यासाठीं, प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठीं, घरीं कचेरीचें काम करणाऱ्यासाठीं 'आय ३-१२१००' हा उत्तम मध्यम मार्ग आहे. छायाचित्रें सजविणें, चित्रफिती जोडणें, किंवा वेगळें कार्ड न घेतां माफक खेळ खेळणें, यांसाठीं ६ कोअर व १२ थ्रेडचा 'रायझन ५ ५६००जी' अधिक बरा. त्याचें अंगभूत ग्राफिक्स त्या आय ३ पेक्षां बरेंच सरस आहे. चित्रांपेक्षां आंकडेमोडीचेंच काम जड असेल, तर तितक्याच कोअरचा 'आय ५-१२४००' पाहावा. याच्यावरची पायरी चढण्याचा मोह झाला, तर तेवढे पैसे रॅम व एस्. एस्. डी. कडे वळवावेत. ८ गिगाबाइट रॅम ही आज किमान मर्यादा. १६ असली तर सुख. अंगभूत ग्राफिक्सला वेगळी स्मृति नसते, तें रॅममधूनच वांटा घेतें. म्हणून तेथें १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षां ८ च्या दोन घेतल्या तर चित्राचें काम अधिक सुरळीत चालतें. आणि कोठीची खोली एस्. एस्. डी. चीच असावी. महागडा प्रोसेसर आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क, हें जोडपें सुखानें नांदत नाहीं.

जुन्या यंत्रांविषयीं दोन शब्द. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत काय, वापरलेला संगणक 'आय ७ आहे, साहेब' असें म्हणून पुढें केला जातो. अशा वेळीं पिढी विचारावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आणि विंडोज ११ ला कंपनीच्या नियमाप्रमाणें इंटेलची साधारण आठवी किंवा नंतरची पिढी, अथवा ए. एम्. डी. ची रायझन २००० मालिका किंवा नंतरची, लागते. आठव्या पिढीचा वापरलेला आय ५ वाजवी भावांत मिळाला, तर तो नव्या सामान्य प्रोसेसराच्या बरोबरीनें काम देईल. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. तिसऱ्या पिढीचा आय ७ मात्र लिनक्स घालून वापरण्याची तयारी असेल तरच घ्यावा.

दुकानांत शिरण्यापूर्वीं एका कागदावर पांच प्रश्न लिहून न्यावेत. काम कोणतें? प्रोसेसराची पिढी कोणती? अंगांत चित्राची सोय आहे काय? मदरबोर्ड व रॅमसह एकूण किती? खोकें मोहोरबंद व पंख्यासह आहे कीं प्रोसेसर नुसताच 'ट्रे' चा सुटा आहे? सुटा प्रोसेसर कांहींसा स्वस्त असतो. पण त्याबरोबर पंखा येत नाहीं, आणि हमी कंपनीची नसून विकणाराची असते. हीं उत्तरें पावतीवर प्रोसेसराच्या संपूर्ण नांवासह, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्यावीं. जो दुकानदार हें आनंदानें करील, त्याच्याकडे चार पैसे अधिक गेले तरी जाऊं द्यावेत.

माझी भाची आतां शिकून नोकरीस लागली आहे. गेल्या दिवाळींत तिच्या शेजारणीच्या मुलासाठीं संगणक घ्यावयाचा होता. तेव्हां सल्ला माझा न घेतां तिचा घेण्यांत आला, हें योग्यच झालें. तिनें त्या मुलाला दुकानांत नेण्यापूर्वीं तासभर त्याचें काम काय तें विचारून घेतलें, आणि मग फक्त पांच मिनिटें प्रोसेसर निवडला. रात्रीं तिनें मला निरोप धाडला: "मामा, पडदा पहिल्याच खेपेस उजळला. आणि पैसे कोठें गेले तें सगळें पावतीवर आहे."